कोबाल्टचा एक अणू

मंडईतून मेथी, पालक, शेपू आणा, घरी ज्वारीची भाकरी, वरण करा. ताट भरलं, पोटही भरेल. पण या सगळ्यात जीवनसत्त्व बी-१२ औषधालाही सापडायचं नाही. कुठलीच वनस्पती ते तयार करत नाही, आणि प्राणीही नाहीत. ही विद्या फक्त जिवाणूंसारख्या सूक्ष्मजीवांकडे आहे. गाय चाऱ्यातून कोबाल्ट नावाचा धातू घेते, तिच्या पोटातले जिवाणू त्याच्याभोवती बी-१२ चा रेणू रचतात, आणि तो दुधात उतरतो. नान-खलियातल्या मटणातही बी-१२ असंच येतं. रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने बी-१२ च्या लालभडक स्फटिकाची रचना उलगडली, तेव्हा त्या अवाढव्य रेणूच्या मधोमध कोबाल्टचा एकच अणू बसलेला दिसला.

त्या एका अणूवर किती काय अवलंबून असावं! आपण खाल्लेल्या प्रथिनांतून शरीरात होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल सतत तयार होतं. ते साठून चालत नाही. त्याचं पुन्हा उपयुक्त मेथिओनिन व्हावं लागतं. त्यासाठी लागणारा मिथाइल गट फोलेट हे जीवनसत्त्व घेऊन येतं, कोबाल्ट तो क्षणभर धरतो आणि होमोसिस्टीनच्या हाती देतो. बी-१२ नसेल तर फोलेट मिथाइल घेऊन तसंच ताटकळतं आणि रक्तातलं होमोसिस्टीन चढत जातं. म्हणूनच पालेभाज्यांतून फोलेट भरपूर मिळूनही एवढ्याने काम भागत नाही.

हे नुसतं पुस्तकी गणित नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या एकूण ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ मध्ये निष्कर्ष आले: ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी, ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन जास्त. फोलेट कमी असलेले जेमतेम ५ टक्के. आणि सर्वांत वाईट अवस्था कुणाची? गरिबांची नव्हे. शहरी मध्यमवर्गात ८१ टक्क्यांना बी-१२ ची कमतरता होती. शाकाहार हे मोठं कारण होतंच. पण तो हिशेबात धरूनही शहरी मध्यमवर्गीय असणं हा होमोसिस्टीन वाढण्याचा वेगळा धोका ठरला. मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

वाढलेलं होमोसिस्टीन आणि हृदयविकार, पक्षाघात यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसतो. मात्र गोळ्यांनी ते खाली आणल्यावर हृदयविकाराचे झटके टळतातच, असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही. मज्जातंतूंचं तसं नाही. पायांना मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, विसराळूपणा ही बी-१२ च्या तुटवड्याची थेट देणगी असू शकते, आणि फार उशीर झाला तर ही हानी पूर्ण भरून येत नाही. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल जरूर विचारावं. ते औषध बी-१२ चं शोषण कमी करतं.

शरीराची रोजची गरज तरी किती? दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-अडीच. यकृतात साठा असतो, त्यामुळे तुटवडा वर्षानुवर्षं कळतच नाही. पुण्याच्याच गटाने पुढे ग्रामीण कुटुंबांना रोज काहींना दोन, तर काहींना दहा मायक्रोग्रॅम बी-१२ वर्षभर दिलं. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले: अवघ्या दोन मायक्रोग्रॅमनेही होमोसिस्टीन उतरलं होतं.