स्कूटर बसली की धंदा बसतो: कमी पैशात गाडी चालती ठेवायची कशी?



लिलाव झाला, मासळी बर्फात भरली, की पुढचं सगळं गाडीवर. होडी-जाळं कितीही चांगलं असो, बाजारात नेणारी स्कूटर वाटेत बसली तर दुपारपर्यंत बर्फाचं पाणी होतं आणि भाव पडतो. मेकॅनिकचं बिल तर वेगळंच. म्हणून आज आपण होडीच्या इंजिनाबद्दल नाही, स्कूटरबद्दल बोलू. शोरूममधली नवी कोरी नव्हे, तर हप्ते फेडून झालेली किंवा जुन्या बाजारातून घेतलेली, रोज मासळीचा खोका ओढणारी गाडी.

पीथमपूरची देणगी

आज आपण बिनगिअरची स्कूटर चालवतो, तिचं मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याशी जुनं नातं आहे. फिरोदियांच्या कायनेटिकची लुना १९७२ साली आली, ती सगळ्यांना ठाऊक. पुढे १९८४ च्या सुमारास कायनेटिकने जपानच्या होंडाशी भागीदारी केली आणि धार जिल्ह्यातल्या पीथमपूरच्या कारखान्यातून कायनेटिक होंडा बाहेर पडू लागली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, बटण दाबलं की गाडी सुरू, क्लच नाही, गिअर नाही. डाव्या मुठीने गिअर पिळायची सवय असलेल्या माणसांना हे नवलच होतं. १९९८ साली होंडा भागीदारीतून बाहेर पडली. २००८ साली कायनेटिकचा हा धंदा महिंद्राने घेतला आणि मग रोडिओ, ड्युरो, गस्टो या स्कूटर आल्या.

हा इतिहास सांगायचं कारण आहे. कंपन्या आल्या-गेल्या, पण गाडीच्या पोटातली रचना तीच राहिली: दोन पुल्या आणि त्यांच्यावर फिरणारा एक रबरी पट्टा. गिअरचं काम तोच करतो. आजही बहुतेक स्कूटर याच पट्ट्यावर चालतात आणि आपण सगळ्यात जास्त विसरतो तोही हाच पट्टा.

दुसरी गोष्ट, जुनी गाडी घेताना नुसती किंमत बघू नका. मॉडेल बंद झालेलं असेल तर आधी स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन विचारा: पट्टा मिळतो का, ब्रेक शू मिळतात का, केबल मिळते का? पार्टच मिळत नसेल तर स्वस्तात मिळालेली गाडी शेवटी महागच पडते.

धार-देवासचा रस्ता गाडीची परीक्षा घेतो

सरदार सरोवराचं पाणी धार जिल्ह्यात निसरपूर, चिखलद्यापर्यंत चढलं. देवास जिल्ह्यात नेमावरला नर्मदा आहे. म्हणजे मासळी खाली नदीकाठी, आणि धार, देवास ही शहरं वर माळव्याच्या पठारावर. मध्ये विंध्याचा चढ. खोका बांधून वर जायचं आणि रिकामी गाडी घेऊन खाली उतरायचं. त्यात माळव्याची काळी माती, उन्हाळ्यात धूळ, पावसात चिकट चिखल, थंडीत पहाटे गारठलेलं इंजिन. कोकणातून घाट चढून मासळी नेणाऱ्यांना यातलं काहीच नवीन नाही. गाडीचं जे काही दुखणं आहे ते अशा रस्त्यावर लवकर बाहेर येतं.

गाडी सुरूच होत नाही? फुकटापासून सुरुवात करा

आमचं म्हणणं एकच आहे: आधी फुकटचं तपासा, मग स्वस्तातलं, आणि सगळ्यात शेवटी महागाचं. पुष्कळदा उलटंच होतं. गाडी बंद पडली की थेट "इंजिन गेलं वाटतं" म्हणून टेम्पोत घालून गॅरेजला.

फुकटचं: पेट्रोल आहे का? काटा खोटं बोलू शकतो, गाडी हलवून आवाज ऐका. किल स्विच चुकून बंद आहे का? साइड स्टँड खाली आहे का? नव्या गाड्यांत स्टँड खाली असेल तर इंजिन सुरू होत नाही. ब्रेक दाबून सेल्फ मारताय ना? ब्रेक दाबल्याशिवाय स्कूटरचा सेल्फ लागत नाही. ब्रेकचा छोटा स्विच खराब झाला तरी हेच होतं. तेव्हा दुसऱ्या हाताचा ब्रेक दाबून बघा.

स्वस्तातलं: सेल्फ मारल्यावर नुसतं टिकटिक होत असेल तर बॅटरीकडे बघा. टोकांवर पांढरी पूड साचली असेल तर टोकं सोडवा, गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडी करा, घट्ट बसवा आणि वर थोडं व्हॅसलीन लावा. सोडवताना आधी वजा, मग अधिक. बसवताना उलट. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि गाडी चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. चालू गाडीतही आकडा वर जात नसेल, तर नवी बॅटरी टाकून उपयोग नाही, चार्जिंगच बघायला हवं. मेकॅनिकला मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. त्याला वेळ लागत नाही आणि आपले बॅटरीचे पैसे वाचतात. एप्रिल २०२० नंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना पंप चालवायलाही बॅटरी लागते. ती पार उतरली की सहसा किकही कामी येत नाही.

मग प्लग. थंड इंजिनाचा प्लग काढा आणि रंग बघा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. कोरडा काळा काजळीचा थर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. पेट्रोलने ओला असेल तर पुसून वाळवा आणि थोडं थांबून मग सेल्फ मारा. काळं आणि तेलकट दिसलं तर मात्र इंजिन ऑइल जळत असण्याचा संभव. तेव्हा मेकॅनिककडे जायलाच हवं. जाताना "प्लग तेलकट येतोय" एवढं सांगितलं तरी त्याचं निम्मं काम होतं.

इंजिन ओरडतं, पण गाडी ओढत नाही

मूठ पिळली की आवाज वाढतो, वेग वाढत नाही. चढावर खोका घेऊन गाडी हळूहळू मरगळते. हा आजार इंजिनाचा नसून बहुधा पट्ट्याचा, रोलरचा किंवा क्लचचा असतो. पट्टा झिजला, त्याला भेगा पडल्या की तो पुलीवर घसरतो. एक दिवस तुटतो, आणि मग इंजिन छान चालू असतं पण चाक फिरत नाही. रस्त्यावर यावर काही इलाज नाही.

कंपनीच्या पुस्तिकेत पट्टा किती किलोमीटरला बदलायचा ते दिलेलं असतं. आपल्या गाडीवर रोज वजन आणि चढ, म्हणून त्याआधीच झाकण उघडून बघून घ्या. पावसात डबक्यातून गाडी काढली आणि एकदम ओढेनाशी झाली, तर आत पाणी शिरून पट्टा घसरत असेल. थांबा, पट्टा वाळू द्या, मूठ पिळून जाळू नका. आणि फिल्टर! काळ्या मातीच्या धुळीत तो लवकर चोंदतो. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नसतो, तो बदलायचाच.

उतारावर इंजिन बंद करू नका

रिकामी गाडी घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे आपल्यात बरेच आहेत. दादा, हे करू नका. इंजिन चालू असलं की ते थोडा तरी वेग धरून ठेवतं. बंद केलं की सगळा भार ब्रेकवर. सलग दाबलेला ड्रम ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक धरत नाही. मूठ सोडून, दोन्ही ब्रेक अधूनमधून दाबत, सुरुवातीपासूनच हळू उतरा. ब्रेकच्या ड्रमवर झीज दाखवणारी खूण असते. ब्रेक दाबल्यावर बाण खुणेपाशी पोचला की शू बदलायचे. ब्रेकवर पैसे वाचवायचे नाहीत, एवढं एकच आम्ही हट्टाने सांगू.

बर्फाचं पाणी, मीठ आणि गंज

आपल्या स्कूटरचा खरा वैरी खोक्यातून गळणारं पाणी. समुद्राच्या मासळीचं पाणी खारट. नदी-धरणाच्या मासळीत मीठ नसलं तरी सतत ओल आणि घाण राहतेच. ते पाणी फूटबोर्डाखाली, सायलेन्सरच्या जोडावर, वायरच्या कनेक्टरमध्ये शिरतं. आधी नट धरतात, मग पत्रा जातो. उपाय साधा: खोक्याला तळाशी भोक पाडून नळी लावा आणि तिचं तोंड चाक-ब्रेकपासून दूर, पण रस्त्यावरही पाणी सांडणार नाही असं एखाद्या कॅनमध्ये सोडा. बाजारातून आल्यावर गाडीवर गोडं पाणी मारा, पण सायलेन्सर थंड झाल्यावर. खोका शक्य तेवढा खाली आणि पुढे बांधा. फार मागे बांधला तर पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल डुलतं.

दोन ऑइलं, एक नव्हे

फोर-स्ट्रोक स्कूटरला इंजिन ऑइल लागतं हे सगळ्यांना माहीत. पण मागच्या चाकापाशी वेगळं गिअर ऑइलही असतं, थोडंसंच, साधारण १०० मिलीच्या आसपास. ते कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षं बदललेलं नसतं. पुढच्या सर्व्हिसिंगला आवर्जून विचारा. इंजिन ऑइलची पातळी दर आठवड्याला काडीवर बघा. कमी ऑइलवर चढ चढलेलं इंजिन जळतं, आणि तो खर्च हजारांत जातो.

आता हिशोब

समजा गाडी रोज ४० किलोमीटर पळते. लिटरला ५० जाते तेव्हा दिवसाला ८०० मिली पेट्रोल लागतं. टायरात हवा कमी, फिल्टर चोंदलेला, ब्रेक घासतोय, आणि ॲव्हरेज ४० वर आलं, तर तेच एक लिटर. रोज २०० मिली जास्त. पेट्रोल शंभर रुपये धरलं तरी दिवसाला २० रुपये, महिन्याच्या २५ फेऱ्यांचे ५०० रुपये. मेकॅनिकचं बिल डोळ्यांना दिसतं, हे पाचशे दिसत नाहीत.

म्हणून रोज मासळी विकून आलं की १० रुपये एका डब्यात टाका. महिन्याच्या २५ फेऱ्यांचे २५०, वर्षाला ३,०००. ऑइल, प्लग, फिल्टर, ब्रेक शू यांची बरीचशी सोय त्यात होते आणि पट्ट्याच्या वेळी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. विम्याची तारीखही त्याच डब्यावर लिहून चिकटवा.

होडी किनाऱ्यावर असेल त्या दिवशी दहा मिनिटं

१. थंड टायरात हवा. मागच्या टायरात वजनाच्या हिशोबाने, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे.
२. इंजिन ऑइलची पातळी.
३. दोन्ही ब्रेक, त्यांच्या केबल आणि झिजेची खूण.
४. सगळे दिवे, हॉर्न, इंडिकेटर.
५. बॅटरीची टोकं.
६. खोक्याखालचे नट आणि पत्रा, गंज दिसतोय का?

आपण होडीचं इंजिन तपासल्याशिवाय पाण्यात जात नाही, कारण मध्येच बंद पडलं तर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. स्कूटर रस्त्यावर बंद पडते म्हणून तिचं चालून जातं असं वाटतं. पण आठवड्याची कमाई शेवटी तिच्याच मागच्या सीटवर बांधलेली असते.

तुमच्याकडे गाडीचं कोणतं दुखणं वारंवार येतं आणि तुम्ही ते कसं काढलं, ते नक्की कळवा. बाजारात गाडी घेऊन जाणाऱ्या आपल्या ताई-मावश्यांनाही हे वाचून दाखवा.