एकबारी रायफल आणि फुसका बार

बोलघेवड्या माणसाच्या वल्गनांना आपण 'फुसका बार' म्हणतो आणि हसून सोडून देतो. बंदुकीच्या बाबतीत मात्र फुसका बार हसण्यावारी नेण्याजोगा नसतो. चाप दाबला, आत 'कट्' असा आवाज झाला आणि बार उडाला नाही, म्हणजे काडतूस मेले असे नव्हे. ते कधी कायमचे निकामी झालेले असते, तर कधी नुसते दबा धरून बसलेले असते. आणि या दोहोंतला फरक बाहेरून दिसत नाही.

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील जुन्या मराठी घराण्यांना हा विषय परका वाटू नये. खंडेनवमीला तलवारी-कट्यारींच्या शेजारी पणजोबांची शिकारी रायफल अजूनही काही घरांत मांडली जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा जमाना संपविला. मचाणे मोडली, हाकारे थांबले. पण रायफल परवान्यावर वारसाकडे आली आणि तिच्याबरोबर काडतुसांची जुनी पेटीही आली. शिकाऱ्याची विद्या मात्र वारसाहक्काने येत नाही.

या एकबारी रायफलींत मार्टिनी-हेन्री हे नाव सर्वांत प्रसिद्ध. ब्रिटिश लष्कराने ती १८७१ साली स्वीकारली आणि पुढे तिच्याच धर्तीच्या शिकारी रायफली हिंदुस्थानभर पसरल्या. हिची रचना सुटसुटीत आहे. चापाखालचा दांडा खाली ओढला की नळीच्या मागचा लोखंडी ठोकळा पुढच्या बाजूने खाली झुकतो, रिकामे काडतूस बाहेर येते आणि त्याच हालचालीत आतील सुई ताणली जाते. काडतूस घालून दांडा वर केला की रायफल सज्ज. बाहेर घोडा नाही. सुई आणि तिची कमान दोन्ही ठोकळ्याच्या पोटात. सुई ताणलेली आहे की नाही, हे उजव्या बाजूच्या थेंबाच्या आकाराच्या लहानशा खुणेवरून ओळखावयाचे.

सुई जिच्यावर आदळते ती काडतुसाच्या बुडाची टोपी. आघाताने पेटणाऱ्या रसायनाची ही कल्पना मूळची अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याची. गारगोटीच्या बंदुकीची ठिणगी दिसताच पाखरे उडून जात, म्हणून या शिकारी धर्मोपदेशकाने खटपट केली आणि १८०७ साली पेटंट मिळविले. त्यानंतर बार उडणे वा न उडणे या चिमुकल्या आघातावर येऊन ठेपले.

बार उडाला नाही तर पहिले काम म्हणजे काहीच न करणे. नळीचे तोंड निर्धोक दिशेला तसेच धरावे आणि निदान तीस सेकंद, शक्य तर मिनिटभर, थांबावे. टोपी पेटली, पण दारूने उशिरा पेट घेतला, असे कधी कधी घडते. घाईने दांडा ओढला आणि ठोकळा उघडा असताना बार झाला, तर पितळेचे तुकडे तोंडावर येतात. एकबारी रायफलीत दुसरी गोळी तयार नसते, म्हणून समोर सावज असताना हात शिवशिवत. मुरलेला शिकारी नेमका तेव्हाच थांबत असे.

मग चेहरा बाजूला ठेवून काडतूस काढावे आणि टोपी पाहावी. सारे निदान तेथे लिहिलेले असते. खूण मुळीच नसेल तर सुईचे टोक तुटले आहे, सुई ताणलीच गेली नाही किंवा ठोकळा पूर्ण वर बसलेला नाही. खूण पुसट असेल तर कमान थकली आहे, ठोकळ्यात जुने वंगण गोठले आहे, किंवा ठोकळा व काडतूस यांच्यामध्ये फट पडली आहे. खूण मध्यापासून सरकलेली असेल तर ठोकळ्याची खीळ झिजल्याचा संशय घ्यावा. आणि खूण खोल, मधोमध, अगदी जशी हवी तशी असेल, तर रायफल निर्दोष आहे, दोष काडतुसाचा.

यांपैकी गोठलेले वंगण हे सर्वांत नेहमीचे दुखणे. प्रेमापोटी दर वर्षी तेल ओतले जाते. ते धूळ धरते, चिकट होते आणि माळव्यातील थंडीच्या पहाटे सुईचा वेगच मारून टाकते. रिकाम्या रायफलीचा ठोकळा जाणत्या कारागिराकडून उतरवून घ्यावा, केरोसीनने धुऊन कोरडा करावा. पातळ तेलाचा नुसता हात पुरे. कमान ताणून लांब करण्याची युक्ती करू नये, ती बदलावी.

तेच तेल काडतुसांचा शत्रू आहे. ते टोपीच्या कडेने आत झिरपते आणि रसायन निकामी करते. ओल आणि उन्हाळ्याची धगही तेच करतात. जुन्या पेटीतली काडतुसे साठ-सत्तर वर्षांची किंवा त्याहून जुनी असू शकतात. ती 'चालतात का पाहू' म्हणून उडवू नयेत, घरी उघडूही नयेत. ती परवाना देणाऱ्या कार्यालयाच्या सल्ल्याने जमा करावीत.

एक प्रकार याहूनही घातक. बार झाला, पण आवाज अगदी दबका आला, तर गोळी नळीतच अडकली असण्याचा संभव असतो. अशा वेळी थांबून, काडतूस काढून, मागच्या बाजूने नळीत उजेड दिसतो का ते पाहावे. न पाहता दुसरा बार भरला तर नळी फुटते.

शिवपुरीजवळ शिंदे सरकारच्या शिकारीचे जे रान होते, तेच माधव अरण्य मार्च २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले. त्या रानाला आता रायफलीची गरज उरलेली नाही. घरातल्या रायफलीला मात्र आपल्या दक्षतेची गरज आहे. खंडेनवमीला फुले वाहण्यापूर्वी दांडा खाली ओढून आत डोकावावे, नळी रिकामी असल्याची खात्री घरच्या दुसऱ्या माणसाकडूनही करून घ्यावी, आणि मगच हळदकुंकू लावावे. शस्त्राचा मान राखणे म्हणतात ते हेच.