नळाच्या कुरबुरीची चौकशी

भिंतीतला नळ गरजू लागला, तर मिस्त्रीस तातडीचा हुकूम धाडण्यापूर्वी नादाची जात ओळखावी. तोटी झटकन मिटताच ‘धाड्’ असा आघात होत असेल, तर तो अवरुद्ध जलवेगाचा प्रकोप होय. सेकंदास १ मीटर वेगाने वाहणारे पाणी लोखंडी नळीत एकाएकी अडविल्यास दाब सुमारे १२ वातावरणांनी चढतो, आणि या आघाताचा हिशेब झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून १८९८ च्या सुमारास मांडला. उपाय मात्र अगदीच किरकोळ : तोटी सावकाश फिरवावी, सुटलेली नळी क्लँपने आवळावी. अर्धवट उघडलेली तोटी थरथरत असेल, तर वायसर झिजलेला. टाकी भरताना गुरगुर होत असेल, तर बहुधा बॉलकॉक दोषी. वायसर बदलण्यापूर्वी मुख्य कॉक बंद करावा, ही आग्रहाची विनंती.