शोक आणि सायकल

घरातले माणूस गेल्यावर पहिले तेरा दिवस माणसांच्या वर्दळीत जातात. कोणी पिठले-भात आणून देतो, कोणी नुसताच येऊन बसतो. ख्रिस्ती घरांतूनही सातव्या दिवसाच्या मिस्सापर्यंत अशीच ये-जा असते. मग जो तो आपापल्या कामाला लागतो आणि दुःखिताच्या वाट्याला रिकामी संध्याकाळ येते. दिवेलागणीची ती वेळ कशी ढकलावी, हा खरा प्रश्न असतो. अशा माणसास सायकलीवरून फिरून येण्यास सुचवणे कित्येकांना थिल्लरपणाचे वाटेल.

काउंट टॉलस्टॉयचे उदाहरण येथे आठवते. त्याचा सर्वांत धाकटा मुलगा वान्या १८९५ साली स्कार्लेट फीव्हरने दगावला. सातवा वाढदिवस अवघ्या महिना-सव्वा महिन्यावर आला होता. त्याच वर्षीच्या वसंतात, वयाच्या ६७ व्या वर्षी, टॉलस्टॉय मॉस्कोत सायकल शिकू लागला. एवढ्या मोठ्या तत्त्वचिंतकाला हा छंद शोभत नाही, म्हणून त्याच्या मंडळींपैकी काहींनी नाके मुरडली. त्याने ते मनावर घेतले नाही. पुत्रशोक विसरण्यासाठीच तो शिकला, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु शोकाच्या त्या महिन्यांत त्याने ही नवी विद्या हाती धरली, हे खरे. पत्नी सोफिया हिला त्याच दुःखात तानेयेव्हच्या पियानोवादनाने दिलासा मिळे. एका घरातल्या दोन माणसांचे दुःख एकच असले तरी त्यांचे विसावे निराळे असतात.

सायकलीत असे काय आहे? पहिली गोष्ट म्हणजे ती डोळे पुढे ठेवायला लावते. खड्डा, वळण, आडवे येणारे गुरू यांकडे लक्ष देताना मन आठवणींच्या त्याच त्या चक्रातून क्षणभर सुटते. तरीही ते पूर्णपणे गुंतत नाही, म्हणून मधल्या सरळ रस्त्यावर रडूही येऊ शकते. पायडलाची लय श्वासालाही लय देते. शरीर दमते, आणि शोकात दुर्मिळ झालेली झोप येण्यास मदत होते. शिवाय दोघे सोबतीने निघाले की एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. बैठकीत समोरासमोर जे ओठांवर येत नाही, ते रस्त्यावर सहज बोलले जाते. पुरुषमंडळींना याचा विशेष उपयोग.

नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ साली शोकाविषयी एक विचार मांडला. त्यांच्या मते शोकाकुल मनुष्य दोन टोकांमध्ये हेलकावत असतो. कधी तो गेलेल्याकडे वळतो, कधी पुढच्या आयुष्याच्या व्यवहाराकडे. आणि हे हेलकावणेच हितकर असते. या विचारात सायकलीचा संबंध कोठेही नाही. पण ते दोघे ज्या युट्रेक्टच्या विद्यापीठात काम करीत, ते शहर मात्र सायकलींचेच! घराबाहेर पडणे आणि तासाभराने त्याच दारी परतणे, यात त्या हेलकाव्याचे लहानसे रूप दिसते.

सावधगिरीही हवी. पहिल्या काही आठवड्यांत लक्ष ठिकाणावर नसते. तेव्हा मोठ्या रहदारीचा रस्ता टाळावा, अंधारात जाऊ नये, शक्य तर सोबत घ्यावी. वेगाची चढाओढ नको. सायकल हे औषधही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात दीर्घ शोकविकाराची नोंद आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला, तीव्र ओढ व वेदना मुळीच ओसरत नाही आणि रोजचे जगणे अडले आहे, असे असेल तर वैद्याकडेच गेले पाहिजे. जगणे नकोसे वाटू लागले, तर सहा दिवसही थांबू नये.

कित्येक घरांत पडवीला गेलेल्या माणसाचीच सायकल उभी असते. टायर बसलेले, साखळी गंजलेली. ती दुकानात नेऊन दुरुस्त करणे जमते. पण बैठक आपल्या उंचीची करायची म्हणजे त्याने बसवलेली उंची मोडावी लागते, आणि तेथे हात अडतो. त्याची घाई नसावी. तोवर शेजाऱ्याची सायकल मागून घेता येते.