पपी अडकला? फॉरमॅट मारायच्या आधी एक शब्द टाकून बघा

हा एपिसोड गाडीवरून जाता-जाता ऐकला असेल तर टाइप करायचा शब्द लक्षात राहणं अवघड आहे, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

भोसरी एमआयडीसीत माझ्या मित्राच्या काकांचं छोटं जॉबवर्कचं शॉप आहे. दोन व्हीएमसी, चार माणसं. कोपऱ्यात २ जीबी रॅमचा जुना पीसी, त्यावर पेनड्राइव्हवरून पपी लिनक्स चालतं. मशीनचे प्रोग्रॅम, त्यात ऑपरेटरदादांनी वेळोवेळी केलेले बदल, सगळं त्याच पेनड्राइव्हवर. बॅकअप? विचारू नका.

एका रात्रपाळीला कुणीतरी स्क्रीनची सेटिंग बदलली आणि पडदा काळा. रिस्टार्ट केलं, परत काळा. सकाळी माल चाकणला जायचा होता. 'फॉरमॅट मार, नवीन टाक' हा सल्ला तर तयारच होता. तो ऐकला असता तर सगळे प्रोग्रॅम गेले असते.

आता हे समजून घ्या. पपी लिनक्स ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलं. त्याची मूळ सिस्टीम एका दाबून बसवलेल्या फाइलमध्ये असते आणि त्या फाइलमध्ये काही लिहिलं जात नाही. तुम्ही केलेले बदल, वॉलपेपर, वायफायचा पासवर्ड, हे सगळं वेगळ्या सेव्ह फाइलमध्ये जातं. ड्रॉइंगवर बटर पेपर ठेवून त्यावर पेन्सिलने खुणा कराव्यात, तसं. खाली ड्रॉइंग कोरंच राहतं. चालू होताना पपी दोन्ही एकावर एक ठेवून दाखवतो. बिघाड बहुतेक वेळा बटर पेपरवर असतो.

मग बटर पेपर न ठेवताच चालू केलं तर?

त्यासाठीचा बूट ऑप्शन म्हणजे 'पीफिक्स=रॅम'. इंग्रजीत लहान अक्षरांत टाइप करायचं: पी, एफ, आय, एक्स, बरोबरचं चिन्ह, आर, ए, एम. मध्ये कुठेही स्पेस नाही. कुठे टाकायचं? पीसी चालू केल्यावर जो मेनू येतो, तिथे थांबा. आधी नीट बघा, बऱ्याच पपींमध्ये 'सेव्ह फाइल न घेता' अशा अर्थाची ओळ आधीच दिलेली असते; ती निवडली की काम झालं. नसेल आणि मेनू ग्रब २ चा असेल तर 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक स्पेस देऊन हा शब्द जोडा आणि कंट्रोल धरून एक्स दाबा. हा बदल फक्त त्या एका वेळेपुरता. पुढच्या वेळी मेनू पहिल्यासारखाच.

आम्ही केलं. डेस्कटॉप आला, अगदी नवा कोरा. काकांचा चेहरा उतरला, कारण स्क्रीनवर त्यांचं काहीच नव्हतं! पण काही गेलेलं नव्हतं. पेनड्राइव्ह उघडला, सेव्ह फाइल तिथेच होती. तिच्यावर क्लिक केलं की ती फोल्डरसारखी उघडते. आधी सगळे प्रोग्रॅम दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी केले. मग त्या सेव्ह फाइलमधली स्क्रीनच्या सेटिंगची एक छोटी फाइल काढून टाकली आणि नेहमीसारखं चालू केलं. पडदा आला.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. एक, या नव्या कोऱ्या सेशनमध्ये केलेलं काम फक्त रॅममध्ये असतं. लाइट गेली की तेही गेलं. दोन, बंद करताना पपी विचारतो की हे सेशन सेव्ह करायचं का. जुनं वाचवायला आलाय ना? मग 'नको' म्हणा.

'पीफिक्स=क्लीन' असाही एक ऑप्शन आहे. नाव वाचून हात तिकडे जातो, पण तो सेव्ह फाइलच्या आत जाऊन फाइली बदलतो, त्यामुळे अशा वेळी त्याला हात लावू नका. लाइट अचानक गेल्यावर सेव्ह फाइल बिघडली असेल तर 'पीफिक्स=एफएससीके' उपयोगी पडतो, तो फाइल सिस्टीम तपासतो. आणि नव्या कोऱ्या सेशनमध्येही पडदा काळाच राहिला तर 'पीफिक्स=नॉक्स' टाकून थेट कमांड लाइनवर जाता येतं.

काकांकडे आता दुसरा पेनड्राइव्ह खिळ्याला टांगलेला असतो. दर शनिवारी कॉपी करायचं काम ऑपरेटरदादांकडे आहे.