बीजकोशातील गाठ आणि मातृत्व

विवाहानंतर दोन-तीन वर्षांत घरात पाळणा हलला नाही, की सुनेची सोनोग्राफी केली जाते. तपासणीच्या कागदावर ‘बीजकोशात गाठ’ अशी नोंद आढळली, की मूल न होण्याचे कारण सापडले, असा घरच्या मंडळींचा समज होतो. काही घरांत दोषाचे खापर सुनेच्या माथी फुटते, तर काही ठिकाणी घाईघाईने शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला जातो. वस्तुतः बीजकोशातील बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात व त्यांच्यामुळे मातृत्वास बाध येत नाही. गाठ कोणत्या प्रकारची आहे, हे प्रथम जाणून घेणे अगत्याचे आहे.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस बदामाएवढा एकेक बीजकोश असतो. त्यालाच अंडाशय असेही म्हणतात. ग्रामीण भागात ‘पिशवीला गाठ झाली’ असे सर्रास बोलले जाते. परंतु पिशवी म्हणजे गर्भाशय. गर्भाशयातील मांसल गाठ निराळी आणि बीजकोशातील, बहुधा द्रवाने भरलेली गाठ निराळी. दोहोंचे परिणाम व उपचारही भिन्न आहेत.

दर महिन्यास बीजकोशात द्रवाने भरलेली एक लहानशी पुटिका वाढते. सुमारे दोन सेंटिमीटरची झाली, की ती फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडते. एखाद्या महिन्यात ती फुटत नाही, अथवा फुटल्यानंतर उरलेल्या भागात द्रव साचतो. अशा रीतीने उद्भवणारी गाठ हा पाळीच्या नैसर्गिक चक्राचाच परिणाम होय. दोन-तीन महिन्यांत ती बहुधा आपोआप विरून जाते. पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या बीजकोशात पाच सेंटिमीटरपर्यंतची साधी, पातळ भिंतीची गाठ असेल आणि तिचा काही त्रास नसेल, तर सहसा कोणताही उपचार करावा लागत नाही. पाळी कायमची बंद झाल्यानंतर आढळलेल्या गाठीची मात्र कर्करोगाची शंका दूर करण्यासाठी काळजीपूर्वक तपासणी झाली पाहिजे.

काही गाठींत चरबी, केस, क्वचित दातही आढळतात. त्यांना डरमॉइड म्हणतात. हा करणीचा अथवा कोपाचा प्रकार नसून बीजकोशातील पेशींच्या वाढीतून तो घडतो. ही गाठ आपोआप विरत नाही. तथापि सर्वसाधारणपणे तिच्यामुळे गर्भधारणा अडत नाही.

गर्भधारणेवर खरोखर परिणाम करणाऱ्या अवस्था मुख्यतः दोन आहेत. पहिली एंडोमेट्रिऑसिस. या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशीसमूह गर्भाशयाबाहेर वाढतो. तो बीजकोशात वाढल्यास तेथे जुने, गडद रक्त साचून ‘चॉकलेट सिस्ट’ तयार होते. आसपासचे अवयव एकमेकांस चिकटतात व बीजवाहिन्यांच्या कार्यात अडथळा येतो. पाळीच्या वेळी असह्य वेदना होणे हे याचे प्रमुख लक्षण आहे. ‘बाईच्या जातीला हे सोसावेच लागते’ असे म्हणून अशा वेदनांकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

दुसरी अवस्था पीसीओएस या नावाने ओळखली जाते. स्टाइन व लेव्हेन्थल या अमेरिकन डॉक्टरांनी १९३५ मध्ये तिचे वर्णन केले. हिच्यात दिसणाऱ्या अनेक बारीक ‘गाठी’ वस्तुतः गाठी नसून वाढ अर्धवट थांबलेल्या पुटिका असतात. त्या काढून टाकावयाच्या नसतात. संप्रेरकांचा तोल बिघडल्यामुळे स्त्रीबीज नियमितपणे बाहेर पडत नाही. पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात, पुष्कळदा वजन वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील शंभरांपैकी सहा ते तेरा स्त्रियांना हा विकार असतो. वजन जास्त असल्यास ते पाच ते दहा टक्क्यांनी घटविल्यानेही अनेकींची पाळी सुधारते. स्त्रीबीज बाहेर पडण्यासाठी लेट्रोझोलसारखी गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जाते आणि योग्य उपचारांनी बहुसंख्य स्त्रिया माता होऊ शकतात. पुढे मधुमेह होण्याचा संभव अधिक असल्याने रक्तातील साखर वेळोवेळी तपासावी.

शस्त्रक्रियेबाबत विशेष विवेक बाळगावा. स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. नंतर त्यात भर पडत नाही. गाठ काढताना, विशेषतः चॉकलेट सिस्टच्या बाबतीत, निरोगी भागही थोडाफार नष्ट होऊन हा साठा घटू शकतो. म्हणून अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रीने शस्त्रक्रियेची आवश्यकता व बीजकोश वाचविण्याची शक्यता यांविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे. एक बीजकोश काढावा लागला, तरी दुसरा निरोगी असल्यास गर्भधारणा होऊ शकते.

एका प्रसंगी मात्र विलंब घातक ठरतो. ओटीपोटात एकाएकी तीव्र कळ येऊन उलट्या सुरू झाल्यास गाठीसह बीजकोशाला पीळ पडल्याची शक्यता असते. त्याचा रक्तपुरवठा तुटल्यास तो कायमचा निकामी होतो. अशा वेळी घरगुती उपायांत किंवा देवऋषीकडे वेळ न दवडता रुग्णेस तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषातील दोष हे एकमेव किंवा सहभागी कारण असते. पुरुषाची वीर्यतपासणी सोपी असून तिला शस्त्रक्रिया लागत नाही. तेव्हा पत्नीच्या पोटावर शस्त्र चालविण्यापूर्वी पतीची तपासणी होणे न्यायाचे आहे. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा न झाल्यास, आणि पत्नीचे वय पस्तिसाहून अधिक असल्यास सहा महिन्यांनंतरच, दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. गोव्यात बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये कृत्रिम गर्भधारणेच्या विनामूल्य उपचारांची सोय सुरू करण्यात आली. खाजगी केंद्रात जावयाचे झाल्यास २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार त्याची नोंदणी झालेली आहे काय, हे पाहून घ्यावे.

शिक्षिका व आरोग्यसेविका यांचे कार्य येथे मोलाचे आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिले वर्ष-दोन वर्षे ती अनियमित असणे स्वाभाविक आहे, हे मुलींना व मातांना समजावून सांगितले पाहिजे. त्यानंतरही पाळी महिनोन् महिने येत नसेल, अथवा वेदनांमुळे मुलीची शाळा बुडत असेल, तर तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. वेळीच निदान झाल्यास उपचार सोपे होतात आणि पुढे सासरी तिला विनाकारण बोल ऐकून घेण्याचा प्रसंगही टळतो.