नकोशा टपालाची पारख

'मट' हें केवळ अक्षरांच्या पडद्यावर ई-टपाल वाचण्याचें साधन मायकेल एल्किन्स यांनीं १९९५ सालीं रचलें. त्याच्या जोडीला 'स्पॅमअसॅसिन' ही चाळणी बसवितां येते. शब्दांच्या संभवावरून निवाडा करणारा तिचा विभाग मात्र, नकोशीं व हवीं अशीं किमान २००-२०० पत्रें शिकविल्यावांचून मौनच पाळतो. म्हणून एक कळ अशी योजतात कीं, ती दाबतांच पत्र नकोशांच्या कप्प्यांत पडावें. रात्रीं ठरल्या वेळीं 'क्रॉन' तो कप्पा चाळणीस वाचावयास देतो. एवढें सोपें. खरी मेख चांगल्या पत्रांची! तीं शिकविण्याचा कंटाळा केला, तर एखादें नोकरीचें बोलावणें जाहिरातींच्या ढिगांत गडप व्हावयाचें. असें पत्र 'हवें' म्हणून पुन्हा शिकविलें, कीं चाळणी त्याविषयींचा आधींचा धडा विसरते.